बदली रद्द होते तेव्हा

हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांचे नाव काढले की आपल्या सुशिक्षित मंडळींच्या ओठांवर एक ठराविक स्मित उमटते. त्या स्मिताचा अर्थ असा, की ही गोष्ट आवडण्यासारखी आहे, पण आवडते असे चारचौघांत सांगण्यासारखी नाही. नीटनेटका पोशाख केलेला, कामधंदा असलेला, शहाणासुरता मनुष्य भर रस्त्यात एकाएकी गाऊ लागतो, कोठून तरी अदृश्य वाद्यवृंद त्याच्या साथीला उभा राहतो, आणि आजूबाजूच्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही, हे विचारी मनुष्याने खरे कसे मानावे? वाङ्मयीन चर्चेत या साऱ्या प्रकाराची वासलात 'पलायनवाद' या एका शब्दात लावली जाते आणि मंडळी अधिक गंभीर विषयांकडे वळतात. प्रस्तुत लेखकही पुष्कळ वर्षे हेच स्मित करीत आला. ते कोठे मावळले, हे ओघाने पुढे येईलच.

वस्तुतः असे स्मित करण्याचा अधिकार मराठी माणसाला सर्वांत कमी. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, दोन वर्षांनी 'सौभद्र' आले, आणि पुढच्या पिढ्या रात्र-रात्र जागून संवादातून पदात व पदातून संवादात जाणारी माणसे पाहत वाढल्या. संन्याशाच्या वेषातला अर्जुन मध्येच गाऊ लागतो, यात आपल्या आजोबांना काही अस्वाभाविक वाटले नाही. तेव्हा गाण्याने कथा खोटी होते, ही तक्रार निदान आपल्या तोंडी शोभत नाही. पण आपल्या संगीत नाटकाची रीत निराळी होती. पद सुरू झाले की कथेने अदबीने बाजूला उभे राहावे, असा रिवाज पडला. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्समोअर' मिळत राही आणि तोवर कथेतला काळ थांबून राही. नाटकाच्या पोटात ती एक मैफलच मांडलेली असे, आणि त्या मैफलीत जे लाभे ते अलौकिक होते, याविषयी वाद नाही. मात्र पदापूर्वी नायक-नायिका जेथे उभी असत तेथेच ती पदानंतरही बहुधा उभी असत. हॉलिवूडच्या चांगल्या संगीतपटात असे होत नाही. गाणे सुरू होताना दोन माणसांत जे अंतर असते ते गाणे संपताना उरलेले नसते, आणि ते कसे नाहीसे झाले हे कोणी शब्दांनी सांगितलेले नसते. या चित्रपटांच्या मोहिनीचा शोध मला येथून घ्यावासा वाटतो.

१९३५ सालचा 'टॉप हॅट' घ्या. कथा सांगण्यासारखी नाही. नायिका नायकाला आपल्या मैत्रिणीचा नवरा समजते, आणि एका वाक्याने दूर झाला असता असा हा गैरसमज लेखकमंडळींनी चित्रपटभर जपून ठेवला आहे. पण या पोकळ कथेत दोन प्रसंग असे आहेत की त्यांपुढे कथा विसरावी. लंडनच्या एका हॉटेलात रात्री फ्रेड अ‍ॅस्टेअर आपल्या मित्राच्या खोलीत ठोक्यांचे नृत्य करीत आहे. खालच्या मजल्यावर झोपलेल्या जिंजर रॉजर्सची झोप मोडते. ती रागावून वर येते, तक्रार करते आणि निघून जाते. तेवढ्या भेटीत हा तिच्यावर अनुरक्त झालेला आहे. मग तो काय करतो? राखदाणीतली वाळू घेऊन जमिनीवर पसरतो आणि तिच्यावर हलकेच पाय घासत पुन्हा नाचू लागतो. मघाचा खडखडाट जाऊन त्याची जागा एका मृदू, अंगाईसारख्या घसघशीने घेतली जाते आणि खाली ती समाधानाने निजते. प्रेमाची कबुली देण्याच्या नाना तऱ्हा आपल्या काव्यनाटकांतून आपण पाहिल्या. आपल्या पावलांचा आवाज कमी करून दिलेली कबुली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

दुसरा प्रसंग उद्यानातला. पाऊस कोसळू लागतो आणि ही दोघे वाद्यवृंदासाठी बांधलेल्या एका चौथऱ्याच्या छपराखाली सापडतात. ती घोडेस्वारीच्या पोशाखात, म्हणजे विजारीत आहे. तो तिच्या पाठीशी बसून गातो, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचा राग कसा विरघळत चालला आहे हे आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही. गाणे संपते. तो उठून सहज येरझारा घालू लागतो, आणि ती खिशात हात घालून त्याच्या मागोमाग, त्याच्या चालीची नक्कल करीत चालू लागते. तो एक पाऊल टाकतो, ती तेच पाऊल परत करते. मग तो थोडे अवघड पाऊल टाकतो, तेही परत येते. पुष्कळ वेळ एकमेकांना स्पर्शही न करता हे प्रश्नोत्तर चालते. आपल्याकडे सवाल-जबाबाची लावणी असते तिची येथे आठवण व्हावी. फरक एवढाच, की येथे हरवण्याची ईर्षा हळूहळू ओळखीत बदलते आणि ओळख विश्वासात. अखेर दोघे चौथऱ्याच्या कडेला बसतात आणि काय करतात, तर हस्तांदोलन! चुंबन नाही, आलिंगन नाही. बरोबरीच्या दोन माणसांचा एक करार झाला, एवढेच. शृंगाराचे इतके सभ्य आणि इतके प्रसन्न चित्रण मला फार थोड्या ठिकाणी आढळले आहे.

येथे तंत्राचा एक मुद्दा सांगणे भाग आहे, कारण परिणामाचे मूळ त्यात आहे. नाचताना आपले संपूर्ण शरीर, डोक्यापासून पायापर्यंत, पडद्यावर दिसले पाहिजे आणि मध्ये शक्य तितके कमी तुकडे पडले पाहिजेत, असा अ‍ॅस्टेअरचा आग्रह असे. आता पाऊल, आता चेहरा, आता टाळ्या पिटणारे प्रेक्षक, अशी जोडाजोड त्याला मान्य नव्हती. त्याचा हा आग्रह मला अस्तन्या वर सारून बसणाऱ्या जादूगारासारखा वाटतो: पाहा, लपवलेले काही नाही. हे सहज दिसावे म्हणून हर्मीस पॅन या नृत्यदिग्दर्शकाबरोबर कित्येक आठवडे तालीम चाले. १९३६ च्या 'स्विंग टाइम'मधील अखेरचे नृत्य एकाच दिवसात ४० हून अधिक वेळा करावे लागले आणि रॉजर्सच्या बुटांत रक्त आले, असे सांगतात. 'टॉप हॅट'मध्येच तिने शहामृगाच्या पिसांचा झगा घालण्याचा हट्ट धरला. नाचताना पिसे उडू लागली आणि अ‍ॅस्टेअर चिडला. आजही नीट पाहिले तर एखादे पीस तरंगत जाताना दिसते. मला ते पीस फार आवडते. एवढ्या काटेकोर व्यवहारातून निसटलेली ती एकच अनावर वस्तू आहे.

सगळेच संगीतपट या पायरीचे होते, असे मात्र कोणी समजू नये. १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर'ने पडद्याला वाचा दिली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत गाण्यांच्या चित्रपटांचा असा महापूर आला की प्रेक्षकांना त्यांचा वीट आला. १९३३ च्या 'फॉर्टीसेकंड स्ट्रीट'ने ही जात पुन्हा उभी केली. तिच्यातल्या बझ्बी बर्कलीच्या नृत्यरचना पुष्कळांना थोर वाटतात. शेकडो तरुणींची फुले, चक्रे, नक्षी करून वरून दाखवण्याचे त्याचे कसब मान्य करूनही मला त्यात माणूस दिसत नाही, कॅलिडोस्कोप दिसतो. आणि याहून गंभीर दोष आहेत. ज्या ठोक्यांच्या नृत्यावर आणि ज्या जॅझवर ही इमारत उभी राहिली त्यांचा वारसा बव्हंशी अमेरिकन निग्रो समाजाचा, ज्यांना आज कृष्णवर्णी अमेरिकन म्हणतात त्यांचा. पण त्यांना इमारतीत शिरण्याची वाट मागच्या दाराने. लीना हॉर्नसारख्या रूपगुणसंपन्न गायिकेची गाणी कथेपासून अशी वेगळी ठेवीत, की दक्षिणेतल्या थिएटरवाल्यांना ती सुखाने कापून टाकता यावीत. 'स्विंग टाइम'मध्ये स्वतः अ‍ॅस्टेअर तोंडाला काळे फासून नाचतो. बिल रॉबिन्सन या थोर कृष्णवर्णी नर्तकाला ती मानवंदना होती, असे म्हणतात; ज्याला मान द्यायचा त्यालाच पडद्यावर का आणले नाही, याचे उत्तर मात्र त्या मानवंदनेत नाही. हे डोळ्यांआड करून या चित्रपटांचे कौतुक करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

पण मूळ आक्षेपाकडे वळू. बोलणारा माणूस गाऊ कसा लागतो? या सांध्याची लाज वाटून तो झाकणारे दिग्दर्शक असतात, आणि त्यालाच खेळवणारे असतात. रूबेन मामूलियन दुसऱ्या वर्गातला. त्याच्या १९३२ च्या 'लव्ह मी टुनाइट'मध्ये पॅरिसचा एक शिंपी, मॉरिस शेव्हालिये, आपल्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गाऊ लागतो. गिऱ्हाईक तीच चाल गुणगुणत रस्त्यावर येते. ती टॅक्सीवाला उचलतो. टॅक्सीतला प्रवासी ती आगगाडीत नेतो. तेथे सैनिकांच्या तोंडी बसून ती कूचगीत होते. वाटेत एक जिप्सी ती ऐकतो आणि व्हायोलिनवर धरतो. आणि रात्री दूरच्या एका गढीच्या सज्जात उभी असलेली राजकन्या, जॅनेट मॅक्डोनल्ड, ती ऐकून आपल्या शब्दांत गाते. शिंपी आणि राजकन्या यांची अद्याप भेटही झालेली नाही! मेघाला दूत करणाऱ्या कवीच्या देशातल्या माणसाला यात अपरिचित काय आहे? येथे गाणे कोणा एकाचे राहतच नाही. ते हवेत होते. शिंप्याच्या ओठांशी ते प्रथम आले, इतकेच.

मामूलियनने सांधा हसत-खेळत दाखवला. व्हिन्सेन्ट मिनेलीने तो नाहीसाच केला. १९५३ च्या 'द बँड वॅगन'मध्ये अ‍ॅस्टेअर उतरणीला लागलेल्या नटाच्या भूमिकेत आहे. तो स्वतःही तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. सिड चॅरिस ही बॅले नर्तकी. तिची तालीम निराळी, पिढी निराळी. आपल्याला एकमेकांबरोबर नाचता येईल का, अशी शंका दोघांच्याही मनात आहे, आणि त्या भीतीपोटी ती आधी भांडतही असतात. एका संध्याकाळी घोडागाडीतून ती न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उतरतात. तेथे साधीसुधी जोडपी नाचत आहेत, त्यांच्यातून ही न बोलता चालत पुढे जातात. झाडांमध्ये मोकळी जागा लागते. चालता चालता ती सहज एक गिरकी घेते. तो क्षणभर थांबून तिला जोड देतो. पाहणाऱ्याने कितीही लक्ष ठेवले तरी चालणे कोठे संपले आणि नृत्य कोठे सुरू झाले ते सांगता येत नाही. एकही शब्द गायला जात नाही. आणि शेवटी त्याच लयीत दोघे गाडीत चढून बसतात, तेव्हा आपल्याला कळते की प्रश्नाचे उत्तर मिळाले. उद्यान अर्थात स्टुडिओत उभारलेले. ते ठाऊक असूनही काही बिघडत नाही.

ते का बिघडत नाही, याचा विचार १९५२ च्या 'सिंगिंग इन द रेन'ने केला आहे, आणि तोही हसत हसत. मूकपट जाऊन बोलपट आले तेव्हाच्या हॉलिवूडची ही कथा. लेखन बेटी कॉम्डेन व अ‍ॅडॉल्फ ग्रीन यांचे, दिग्दर्शन जीन केली व स्टॅन्ली डोनेन यांचे. नायकाला प्रेम व्यक्त करायचे आहे, पण नटाला योग्य देखाव्यावाचून बोलताच येत नाही. म्हणून तो डेबी रेनल्ड्सला स्टुडिओच्या ओसाड मंचावर नेतो. एक खटका दाबतो: ही मावळतीची आभा. दुसरा दाबतो: हे धुके. मग चांदणे. मग प्रचंड पंख्याचा मंद वारा. तिला एका साध्या शिडीवर उभी करतो आणि गातो. प्रत्येक कळ आपल्या डोळ्यांदेखत दाबली गेली आहे, वारा कोठून येतो हे आपण पाहिले आहे. आणि तरीही तिचे केस हलू लागतात तेव्हा मन हलते. फसवणुकीत फसवण्याचे साधन लपवावे लागते. येथे ते समोर मांडलेले आहे. मग याला पलायन कसे म्हणावे? पळणारा मनुष्य आपण कोठून पळालो ते दाखवीत बसत नाही.

पावसातला तो जगप्रसिद्ध प्रसंगही याच पठडीतला. स्टुडिओच्या आवारातली रस्त्याची मांडणी, रात्र भासावी म्हणून वर ताणलेली ताडपत्री, पाणी साचावे म्हणून मुद्दाम केलेले खळगे, आणि नाचणाऱ्या केलीच्या अंगात १०३ अंश ताप, असे सांगतात. तिला दारापर्यंत पोचवून तो परत फिरतो, वाट पाहत असलेली गाडी हाताच्या खुणेने पाठवून देतो आणि छत्री मिटतो. छत्री मिटणे हाच या प्रसंगाचा प्राण. तीन वर्षांनी आपल्याकडे 'श्री ४२०'मध्ये राज कपूर आणि नर्गिस यांच्यावर एक छत्री उघडली गेली. तेथे पाऊस हे संकट आहे आणि छत्री हा दोघांचा तात्पुरता संसार. केलीला आसरा नको आहे. त्याला भिजायचे आहे. तो पन्हळीखाली उभा राहतो, डबक्यात लहान मुलासारखा उड्या मारतो. मग एक पोलीस शांतपणे समोर येऊन उभा राहतो. तो काही बोलत नाही. बोलण्याची गरजही नसते. केली ओशाळून काढता पाय घेतो आणि छत्री एका भिजणाऱ्या वाटसरूच्या हाती देऊन टाकतो. तो पोलीस नसता तर हा प्रसंग निव्वळ उल्हासाचा राहिला असता. कायदा, वेळ, उद्याची सकाळ, सर्दी-पडसे, ही सर्व त्या एका मुद्रेत हजर आहेत. सुखाला मुदत आहे हे चित्रपटाला पक्के ठाऊक आहे.

(जाता जाता या चित्रपटातली एक गंमत. रेनल्ड्सने दुसऱ्या नटीला, जीन हेगनला, गुपचूप आपला आवाज द्यावा आणि शेवटी ते बिंग फुटावे, असे कथानक. प्रत्यक्षात जेथे रेनल्ड्स हेगनसाठी बोलते तेथील आवाज खुद्द हेगनचाच होता, आणि जेथे ती तिच्यासाठी गाते तेथील गळा बेटी नॉइझ नावाच्या तिसऱ्याच गायिकेचा. आपल्याकडे पार्श्वगायिकेचे नाव नायिकेच्या बरोबरीने घेतले जाऊ लागले. तिकडे मात्र ते दीर्घकाळ घरातल्या कर्जासारखे झाकून ठेवण्याची रीत होती.)

आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहावयास बसलो त्याकडे येतो. मिनेलीचाच १९४४ सालचा 'मीट मी इन सेंट लुइस'. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी बदलीचा हुकूम एकदा तरी हातात घेतलेला आहे, म्हणून हा चित्रपट त्यांच्यापुढे ठेवण्यात मला विशेष औचित्य वाटते. काळ १९०३ चा. सेंट लुइस गावातले स्मिथ कुटुंब: वकील असलेले वडील, आई, आजोबा, एक मुलगा, चार मुली आणि घरकाम पाहणारी एक तोंडाळ बाई. पुढच्या वर्षी गावात मोठे जागतिक प्रदर्शन भरणार आहे आणि सारे गाव त्याची वाट पाहत आहे. कथानक म्हणून यात दुसरे काही नाही. थोरल्या दोन मुलींची प्रेमप्रकरणे, आमटीसारखे चाखून पाहिले जाणारे टोमॅटोचे केचप, धाकट्या टूटीचे उपद्व्याप. आणि मग एका रात्री वडील घरी येऊन सांगतात की कचेरीने मला न्यूयॉर्कला नेमले आहे, मोठी जागा आहे, नाताळनंतर आपण सारे जाणार.

घरात शांतता पसरते. थोरलीचे स्थळ येथे, दुसरीचा प्रियकर शेजारच्या घरात, मुलाचे शिक्षण, आजोबांचे उरलेले आयुष्य. वडिलांना वाटले होते की बढतीची वार्ता ऐकून आनंद होईल! ते चिडतात, मी हे सर्व कोणासाठी करतो, असा तो अगदी ओळखीचा चिडका स्वर आहे. केक कापलेला आहे, पण एकेक जण काहीबाही निमित्त काढून उठून जातो. कोणी खात नाही. नवरा-बायको दोघेच उरतात. मग आई पियानोपाशी जाऊन बसते आणि एक जुने गाणे वाजवू लागते. वडील गाऊ लागतात. स्वर उंच पडतो, गळा पोचत नाही. ती म्हणते, मी तुमच्या पट्टीत घेते; आणि पट्टी उतरवते. दोघे गात राहतात. एकेक करून मुले जिन्यावरून खाली उतरतात, बशा उचलतात, जागा मिळेल तेथे बसतात आणि केक खाऊ लागतात.

संपूर्ण संगीतपटांच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत थोर वाटतो. येथे कोणी नाचत नाही. गाणारी दोघे उतारवयाकडे झुकलेली, त्यांचा गळाही सामान्य. आणि मुख्य म्हणजे, गाण्याने काहीही सुटलेले नाही. बदली कायम आहे. वडील चुकले की मुले चुकली, याचा निवाडा झालेला नाही. कोणी कोणाची क्षमा मागितलेली नाही. तरीही गाणे सुरू होताना जे घर मोडले होते ते गाणे संपताना जोडलेले आहे. बायकोने पट्टी उतरवली, या एका कृतीत संसार म्हणजे काय ते येऊन गेले. आमच्या जुन्या रसचर्चेत शृंगाराची नाना रूपे वर्णिली आहेत. हे रूप त्यांत कोठे बसवावे, हे मला सुचत नाही.

पुढे नाताळची आदली रात्र येते. सामान बांधलेले. एस्थर, म्हणजे ज्यूडी गार्लंड, नृत्यसमारंभाहून परतते तो टूटी खिडकीशी जागी बसलेली. न्यूयॉर्कला गेल्यावर सांताक्लॉजला आपले घर कसे सापडणार, ही तिची चिंता. एस्थर तिच्यासाठी गाते. हे गाणे पुढे नाताळचे आनंदगीत म्हणून घरोघर पोचले, पण मुळात ते समजूत घालण्याचे, डोळे पुसत म्हटलेले गाणे आहे. ह्यू मार्टिनने प्रथम लिहिलेले शब्द इतके उदास होते की ते बदलून द्यावेत असे गार्लंडनेच सुचवले. १९४४ च्या नोव्हेंबरात हा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा अमेरिकेतल्या लक्षावधी घरांतली मुले समुद्रापार लढत होती; या गाण्यातली पुढच्या वर्षीची आशा त्या घरांना कशी ऐकू आली असेल, हे वेगळे सांगावयास नको. गाणे संपते, आणि समजूत पटण्याऐवजी टूटी हुंदके देत धावत अंगणात जाते आणि तेथे सर्वांनी मिळून केलेली बर्फाची माणसे काठीने झोडपून फोडून टाकते. आपल्याला नेता येत नाहीत, तर दुसऱ्या कोणाला ती मिळता कामा नयेत! मार्गारेट ओब्रायन तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. तिचे ते रडणे पाहवत नाही. नाजूक, गुलाबी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या चित्रप्रकारात इतके उघडे दुःख आहे, याची आक्षेपकांनी एकदा नोंद घ्यावी.

वडील वरच्या खिडकीतून हे पाहतात. खाली येऊन अंधारात खुर्चीवर बसतात, चिरूट पेटवण्यासाठी काडी ओढतात आणि ती बोटांपर्यंत जळत येते तरी त्यांना भान नाही. मग ओरडून सर्वांना खाली बोलावतात आणि जाहीर करतात की आपण जाणार नाही. बदली रद्द! अखेरीस १९०४ च्या वसंतात प्रदर्शनाचे लक्ष दिवे लागतात आणि सारे कुटुंब, हे आपल्याच गावात आहे, या विस्मयात ते पाहत उभे राहते.

येथे टीकाकार म्हणून मला थांबावे लागते. हा शेवट खरा आहे का? आपल्यापैकी कोणाच्या मुलीने अंगणात काय फोडले, हे पाहून कोणत्या कचेरीने कोणता हुकूम मागे घेतला आहे? हा चित्रपट सॅली बेन्सन यांच्या 'न्यूयॉर्कर'मधील आत्मचरित्रपर कथांवर आधारलेला. आणि बेन्सन यांचे कुटुंब प्रत्यक्षात सेंट लुइस सोडून न्यूयॉर्कला गेले. ती बदली रद्द झाली नाही. पडद्यावरचे घर हे एका गेलेल्या घराची आठवण आहे, आणि शेवटची रोषणाई त्या आठवणीने स्वतःला दिलेली भेट. मला वाटते, चित्रपट खोटे बोलतो ते येथे, या एका ठिकाणी. पण त्याआधी बशा घेऊन खाली उतरणाऱ्या मुलांच्या प्रसंगात तो खरे बोलून चुकलेला आहे, आणि म्हणून हे दुसरे मी त्याला माफ करतो. २०१६ साली 'ला ला लँड' या चित्रपटाने जुन्या संगीतपटांची सारी ऐट पुन्हा आणली आणि शेवटी नायक-नायिकांना वेगळ्या वाटांनी पाठवले. हा शेवट अधिक धीट, अधिक प्रौढ, असे पुष्कळांनी म्हटले. असेल. पण जुन्या चित्रपटांना वियोग ठाऊक नव्हता, असा त्यातून कोणी अर्थ काढला तर तो मला मान्य नाही. त्यांनी तो शेवटी न ठेवता गाण्याच्या आत ठेवला.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो फार वर्षांपूर्वी, उत्तरेकडच्या एका छावणीच्या गावी, रविवारच्या सकाळच्या खेळाला. आमची पाचवी बदली होती आणि घरी निम्मे सामान बांधून झालेले होते. मी त्या वेळेपर्यंत ते सुशिक्षित स्मित बाळगून होतो. काळोखात बसल्या बसल्या ते केव्हा गळाले, मला कळले नाही. परतताना टांग्यात बराच वेळ दोघेही गप्प होतो. मग हिने विचारले, "अहो, त्या न्यूयॉर्कला गेल्या असत्या, तर तो एवढा मोठा पियानो कसा नेला असता हो त्यांनी?" घरी आमची पेटी गोणपाटात शिवून दाराशी तयार ठेवलेली होती. संध्याकाळी हिने तिची शिवण उसवली.